चुकीची वाटणी

उदगीरची एसटी भर दुपारी लातूरला पोचली. महादेवीनं स्टँडवर रिक्षा केली नाही. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती पायीच माहेरच्या घरी आली. भावजय रुद्राणी दारातच होती. गल्लीत नुकताच टँकर येऊन गेला होता आणि ती घागरीतलं पाणी फडक्यातून गाळून रांजणात ओतत होती. नणंदेला बघून तिनं घागर खाली ठेवली.

"या अक्का. अशा उन्हाच्या आलाव?"

महादेवीनं चपला काढल्या नाहीत. ओट्याखाली उभी राहूनच तिनं पिशवीतून कागद काढले आणि रुद्राणीपुढं धरले.

"रुद्राणी, माझ्यावर दावा केलीस?"

रुद्राणीनं कागद घेतले. कोर्टाचं समन्स होतं, मागं अर्जाची नक्कल जोडलेली. अर्जदार म्हणून तिचंच नाव होतं, रुद्राणी भ्रतार गुरुलिंग. खाली सामनेवाले: एक टँकरचा मालक, दोन टँकरची विमा कंपनी, आणि तीन महादेवी भ्रतार विरूपाक्ष, राहणार उदगीर.

"मला ठाव न्हाई अक्का," ती म्हणाली. "लेकरांची शपथ, मला ह्यातलं काई ठाव न्हाई."

"मग ही सही कुणाची हाय?"

सही तिचीच होती. वकिलाच्या खोलीत भावानं जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं तिनं केली होती.

आतून काठीचा आवाज आला आणि कमलम्मा बाहेर आली. रुद्राणीची ती सासू, महादेवीची आई. अपघातात मांडीचं हाड मोडल्यापासून ती एका अंगावर कलूनच चालायची. "आत ये गं," ती लेकीला म्हणाली. "उन्हात कामून उभारलीस?"

"न्हाई अव्वा. बेलिफ घरी आला तवा सगळी गल्ली गोळा झालती. आधीच लोक म्हनायलेत, नवऱ्यानं मेव्हण्याला मारलं. आता म्हनायलेत, बायकोनं भरून द्यावं."

कुणी काही बोलायच्या आत महादेवी वळली आणि आली तशी स्टँडच्या वाटेला लागली. रुद्राणी कोपऱ्यापर्यंत मागं गेली, हाका मारल्या. महादेवीनं मान वळवली नाही.

अपघाताला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ, सलग दोन पावसाळे कोरडे गेलेले. हदगावला कमलम्माच्या बहिणीकडं लग्न होतं. उदगीरच्या मोंढ्यात विरूपाक्षची अडत होती आणि त्यानं एक जुनी अँबेसिडर घेतली होती. सासूला आणि मेव्हण्याला घेऊन तो लग्नाला गेला. घरात जावेचं बाळंतपण होतं म्हणून महादेवी गेली नाही. रुद्राणीच्या धाकट्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून तीही राहिली.

लग्न आटोपून निघायला त्यांना उशीर झाला. नांदेड, लोहा मागं टाकून गाडी लातूर जिल्ह्याच्या हद्दीत आली तेव्हा अंधार पडला होता. अहमदपूर जवळ आलं होतं. तिथं डांबरावर पाण्याचा टँकर उभा होता. कोरड्या पडलेल्या गावांना पाणी पोचवणारा, ठेक्यानं लावलेला. मागचं टायर फुटलं म्हणून ड्रायव्हर गाडी तिथंच सोडून मिस्त्री आणायला गेला होता. मागं लाल दिवा नव्हता. समोरून एक ट्रक डोळे दिपवत आला आणि निघून गेला, आणि अँबेसिडर टँकरच्या मागच्या कोपऱ्यात घुसली. पुढं बसलेले दोघंही जागीच गेले. मागच्या सीटवरची कमलम्मा वाचली.

टँकरचा नळ तुटून पाणी रस्त्याभर वाहत होतं. जवळच्या तांड्यावरची माणसं धावत आली. त्यांनी कमलम्माला उचलून कडेला ठेवलं, तेव्हा तिचं लुगडं ओलंचिंब होतं. रक्तानं भिजलंय असं समजून ते घाबरले, पण ते पाणी होतं. एवढंच लोकांनी सांगितलेलं रुद्राणीला माहीत होतं. सासूनं त्या संध्याकाळविषयी कधी तोंड उघडलं नाही. गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की ती उठून आतल्या खोलीत जायची आणि टँकर जाईपर्यंत बाहेर यायची नाही.

गुरुलिंगचं मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी लोक आणून टाकायचे, तो तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचा. विहिरीच आटल्यावर लोक मोटारी न्यायलाही येईनासे झाले होते. तो गेल्यावर दुकान बंद पडलं. दोन मुली, अधू सासू आणि रुद्राणी. तिचा भाऊ चन्नबसप्पा निलंग्याला शाळेत मास्तर होता. त्यानंच धावपळ करून नुकसानभरपाईचा दावा लावला. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षंच झाली होती. पूर्वी असल्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कोर्ट गावातच आलं होतं आणि कोर्टामागं भाड्याच्या खोल्यांत नव्यानं वकील येऊन बसले होते.

त्यातल्याच शेषेराव वकिलांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी रुद्राणी भावाला घेऊन गेली. समन्स तिनं टेबलावर ठेवलं.

"माझ्या नणंदेचं नाव ह्यात कसं आलं?"

शेषेराव पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, घाला म्हणून मी घातलं नाही. कायद्यानं घालावं लागतं. नीट ऐका. टँकर अंधारात रस्त्यावर सोडला, ही टँकरवाल्याची चूक. त्यात वाद नाही. पण त्याची विमा कंपनी गप्प बसणार आहे का? ती म्हणणार, टँकर तर उभा होता, येऊन धडकली ती गाडी. म्हणजे गाडीवाल्याचीही चूक. मग न्यायाधीश चुकीचे वाटे पाडतात. समजा, बारा आणे चूक टँकरची धरली आणि चार आणे गाडीची. तर तुमच्या भरपाईचे बारा आणे टँकरच्या कंपनीनं द्यायचे आणि चार आणे गाडीच्या मालकानं."

"गाडीचा विमा न्हवता का?"

"होता. पण स्वस्तातला. रस्त्यावरच्या माणसाला लागलं तर त्याचं भरून देणारा. आत बसलेल्यांची जोखीम त्यात नव्हती. मालक वारले, तेव्हा त्यांचे वारस आले. वारस म्हणजे तुमच्या नणंद."

रुद्राणीनं समन्स परत आपल्याकडं ओढून घेतलं. मग तिनं विचारलं, "अन् माझ्या मालकाची चूक किती आणे?"

"काहीच नाही. ते शेजारी बसलेले. स्टिअरिंग ज्याच्या हातात नाही त्याच्यावर चूक येत नाही."

"अक्कांनीबी दावा केलाय म्हणं, टँकरवर."

"केलाय. उदगीरच्या वकिलांनी. दोन्ही दावे एकत्रच चालतील. त्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा नवरा चालवत होता. त्याची जेवढी चूक धरली जाईल तेवढं त्यांच्या भरपाईतून वजा होणार. आपल्या चुकीचं मोल दुसऱ्याकडून मागता येत नाही."

"म्हंजे दाजींची चूक मी जेवढी जास्त दाखवीन तेवढं त्यांचं कमी व्हनार. अन् वरून मलाबी त्यांनीच भरायचं."

"तसं म्हटलं तर तसं."

"नाव काढा त्यांचं," रुद्राणी म्हणाली.

चन्नबसप्पा खुर्चीत पुढं सरकला. "येडी झालीस का? दोन पोरी हायत तुझ्या. दुकानाचं भाडं थकलंय. नात्यागोत्यानं पोट भरत न्हाई."

"अण्णा, त्यांचाबी नवरा गेलाय त्याच गाडीत. अन् भाऊबी. माझं एकच मानूस गेलं, त्यांची दोन गेलीत."

शेषेरावांनी दोघांकडं बघितलं. "नाव काढता येतं. पण धोका सांगून ठेवतो. न्यायाधीश म्हणाले की चार आणे गाडीचे आणि गाडीवाला तर तुम्हीच सोडून दिला, तर ते चार आणे बुडाले. माझं म्हणणं मी मांडीन. दोघांच्या चुकीनं तिसरा मेला, तर त्या तिसऱ्याच्या घरच्यांना सगळी रक्कम दोघांतल्या कुणाही एकाकडून मागता आली पाहिजे. मेलेल्यानं वाटे मोजत बसायचं काय कारण? काही कोर्टांनी असं धरलंय, काहींनी नाही. आपले साहेब काय धरतील ते आज सांगता येत नाही."

"काढा," ती परत म्हणाली.

परतताना चन्नबसप्पा तिच्याशी बोलला नाही. पण उदगीरला जाऊन महादेवीला निरोप देऊन आला तोच. महादेवीनं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली.

आता दोन्ही वकिलांचं म्हणणं एकच झालं. सगळी चूक टँकरची होती, गाडी सावकाश होती, अंधारात टँकर दिसणं शक्यच नव्हतं. हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. शेषेराव स्वतः घरी आले. कमलम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, घाबरायचं काही नाही. गाडी हळू होती, टँकरमागं दिवा नव्हता, खुणेचे दगड नव्हते. एवढंच सांगायचं. जास्त बोलायचं नाही."

"इचारतील ते सांगीन," कमलम्मा म्हणाली.

"विचारतील त्याला होय किंवा नाही. बस."

वकील गेल्यावर रुद्राणीनं तिच्या पायाला तेल लावता लावता हळूच विचारलं, "अव्वा, त्या दिशी काय झालं ते मला तरी सांगा."

कमलम्मानं पाय ओढून घेतला. "पोरींच्या पोटात काई घाल जा," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

साक्षीची तारीख पडायला पुढचा उन्हाळा उजाडला. पुकारा झाला तेव्हा रुद्राणी एका बाकावर होती, महादेवी तिच्या दिरासोबत पलीकडच्या बाकावर. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. कमलम्माला पिंजऱ्यात उभं राहवेना म्हणून साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितलं. शपथ घेताना तिनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

शेषेरावांनी विचारलं तेवढं तिनं सांगितलं. गाडीत कोण कुठं बसलं होतं. अंधार कुठं पडला. टँकर कसा दिसलाच नाही. मग विमा कंपनीचे वकील उठले. तरुण होते, औरंगाबादहून आलेले.

"गाडी जोरात होती ना, आजी?"

"जोरात न्हवती. आमच्या मागची एसटी आम्हाला टाकून फुडं गेलती."

"टँकरमागं ड्रायव्हरनं बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. तुम्ही पाहिल्या नसतील."

"फांद्या मागून टाकल्या. लोकांनी टाकल्या, दुसरी गाडी येऊन धडकू नये मनून. मी तिथंच कडंला पडले व्हते. माझ्यासमोर तोडल्या."

कोर्टात कुणीतरी खाकरलं. वकिलांनी कागद उलटला.

"लग्नघरात आदल्या रात्री तुमचे जावई झोपले होते का?"

"न्हाई. लग्नघर ते. कोन झोपतंय?"

"म्हणजे रात्रभर जागे. दुसऱ्या दिवशी एवढी मजल गाडी चालवली. त्यांना झोप लागली होती, खरं ना?"

शेषेरावांनी मान वर केली. कमलम्मा थांबली. तिच्या हातातली काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली होती, ती सरकून पडली आणि पट्टेवाल्यानं उचलून परत ठेवली, तोवर ती थांबूनच होती.

"झोप लागली न्हवती," ती म्हणाली. "डोळे उघडे व्हते. वरच्या आरशात मला दिसायलते. पन डोळे जड झालते. लोहा गेल्यावर तो मनला, गुरुलिंग, मला डोळे उघडे ठेववनात. गाडी तू घे."

शिरस्तेदाराची लेखणी घाईनं चालली होती.

"तुमच्या मुलाला गाडी चालवता येत होती?"

"येत व्हती."

"मग त्यांनी घेतली का नाही?"

"तो मनला, दाजी, अहमदपूर आलंच. तिथं च्या पिऊ, मग मी घेतो. तवर हाना. थांबलो की उशीर व्हतोय." कमलम्मानं पदर तोंडाला लावला आणि काढला. "त्याला घराची वढ लागली व्हती. लेकरू तापलं व्हतं घरी. मीबी काई बोलले न्हाई. मलाबी घरी यायचं व्हतं."

वकील समाधानानं खाली बसले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"आजी, हे तुम्ही पोलिसांना का सांगितलं नाही?"

"त्यांनी इचारलं न्हाई, साहेब. टँकर दिसला का, एवढंच इचारलं. न्हाई दिसला, मनून सांगितलं."

"झोप आलेली नसती तर टँकर दिसला असता, असं वाटतं तुम्हाला?"

म्हातारीनं बराच विचार केला. "ते मला कसं कळंल? डोळे जड झालते तरी गाडी रस्त्यानंच चालली व्हती, साहेब. रस्त्यात टँकर उभा व्हता."

बाहेर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पार होता. तिथं तिला आणून बसवलं. शेषेराव मागून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आजी, ते बोलायची काय गरज होती? दोघींचंही नुकसान केलंत."

"मग शपथ कामून घ्याय लावली?" कमलम्मा म्हणाली. शेषेराव आत निघून गेले.

रुद्राणी दोन पावलं बाजूला उभी होती. तिच्या कानात एकच वाक्य होतं. तवर हाना. ते गुरुलिंगच्याच आवाजात ऐकू येत होतं, कारण तो तसाच बोलायचा. दुकानात जेवायला उठ म्हटलं तर, एवढी मोटार झाली की उठतो. दवाखान्यात चल म्हटलं तर, हा आठवडा जाऊ दे. आणि घरी लेकरू तापलंय, असा निरोप हदगावला, लग्नघराच्या शेजाऱ्याच्या फोनवर, तिनंच पाठवला होता. एवढे दिवस ती नवऱ्याला नुसतं रडली होती. आता त्याचा रागही आला आणि तो कुणाजवळ काढावा ते कळेना.

महादेवी दिराला मागं ठेवून हळूहळू पाराकडं आली. रुद्राणीला वाटलं, आता ही आईला बोलणार. कोर्टात भरल्या माणसांत म्हातारीनं तिच्या नवऱ्याच्या झोपेची गोष्ट काढली होती. पण महादेवी आईच्या पायाशी खालीच बसली.

"अव्वा, ते खरंच मनले का, गाडी तू घे मनून?"

"हाव."

"थांबतो मनले?"

"थांबायलाच निघालता. गाडी हळू केलती त्यानं."

महादेवीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोन वर्षं ती उदगीरच्या घरात, मोंढ्यात, देवळात एकच ऐकत आली होती, की विरूपाक्षनं मस्तीत गाडी हाणली आणि सख्ख्या मेव्हण्याचा जीव घेतला. हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. नवऱ्यासाठी तिला मोकळेपणानं रडताही आलं नव्हतं, कारण भावासाठी रडताना नवऱ्याचाच राग यायचा. आता ती तिथं, येणाऱ्याजाणाऱ्या पक्षकारांच्या देखत, तोंडात पदर न कोंबता रडली.

"एवढे दिस कामून सांगितलं न्हाईस?"

"कुनाला सांगू? सांगितलं तर हिच्या कुंकवावर येतंय, न्हाई सांगितलं तर तुझ्या." कमलम्मानं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. नजर मात्र सुनेकडं होती. "रुद्राणी, इकडं ये गं. तिथं कामून उभारलीस?"

रुद्राणी आली, पण बसली नाही. घरी जाईपर्यंत ती सासूशी बोलली नाही आणि पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. कमलम्मानंही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

निकाल लागायला आणखी बरेच महिने गेले. मधे पाऊस झाला, लोक दुकानासमोर उभे राहून आपापल्या मोटारी मागू लागले आणि रुद्राणीनं गुरुलिंगकडं पूर्वी काम केलेल्या एका कारागिराला बोलावून दुकान उघडलं. निकालाच्या दिवशी ती एकटीच कोर्टात गेली. उदगीरहून महादेवी आली होती.

साहेबांनी बारा आणे चूक टँकरची धरली आणि चार आणे गाडीची. थकलेल्या माणसानं गाडी थांबवायला हवी होती, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणून महादेवीच्या भरपाईतून चौथा हिस्सा वजा झाला. कंपनीच्या वकिलांनी दुसराही मुद्दा काढला होता, की गुरुलिंगनंच चालवायला लावलं, तेव्हा त्याच्याही वारसांचं कापा. तो साहेबांनी मानला नाही. शेजारी बसून चालव म्हणणं म्हणजे चालवणं नव्हे, असं ते म्हणाले. प्रवाशाच्या वारसांना सगळी रक्कम टँकरच्या मालकानं आणि कंपनीनं द्यावी. गाडीवाल्याकडून टँकरवाल्यांना काही घ्यायचं असेल तर ते त्यांचं ते बघतील. शेषेरावांनी मांडलेलं म्हणणं तंतोतंत मान्य झालं होतं आणि ते खुशीत होते.

"बाई, एक पैसा कापला नाही. मी म्हणत होतो ना, तुमच्या मालकांची चूक शून्य."

रुद्राणीनं त्यांना नमस्कार केला आणि ती बाहेर आली. महादेवी फाटकाजवळ तिची वाट बघत थांबली होती. दोघी रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. गांधी चौकाच्या अलीकडं रुद्राणी थांबली.

"अक्का, कोर्टानं ह्यांना चुकीतून सोडलं. मला सोडता येईना. दाजी थांबायलते. ह्यांनी थांबू दिलं न्हाई. तुमचं कापलं ते खरं आमचं कापायला पायजे व्हतं."

महादेवीनं मान हलवली. "तसं मनू नको. मी लई इचार केला. चावी कुनाच्या हातात व्हती? ह्यांच्या. डोळे जड झालते तर गाडी कडंला घ्यायची अन् खाली उतरायचं. मेव्हणा काय, सासू काय, कुनी काई म्हनू द्या. कुनाच्या म्हनन्यावर कोन चालवतंय? ती ह्यांचीच चूक."

"न्हाई अक्का. तुम्ही ह्यांना लहानपनापासून बगितलाव. ह्यांच्यापुढं कुनाचं चाललंय का?"

"चाललं न्हाई, हे खरंय," महादेवी म्हणाली. भावाच्या आठवणीनं तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "पतंगाच्या मागं गच्चीवरून पडला तवाबी, एवढा काटतो अन् येतो, मनला व्हता."

दोघी तिथंच, रस्त्याच्या कडेला, उन्हात उभ्या राहिल्या. बाजूनं हरभऱ्याची पोती भरलेला टेम्पो गेला. आत कोर्टात एका चुकीवरून भांडणं झाली होती, ती आपल्या पक्षकाराची नाही हे दाखवायला दोन-तीन वकील घसा कोरडा करत होते. आणि इथं दोघी विधवा ती चूक आपापल्या नवऱ्याकडं ओढत होत्या. दोघींतली कुणीच मागं हटेना. शेवटी महादेवीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ज्यानं टँकर सोडला तो बारा आण्याचा मालक. त्याला तरी झोप लागती का, कुनाला ठाव."

ती त्या दिवशी उदगीरला परत गेली नाही. माहेरीच मुक्काम केला. रुद्राणीनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या, महादेवीनं शेंगांची चटणी कुटली. जेवताना कमलम्मानं निकाल काय लागला ते विचारलं. दोघींनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे चार आणे विरूपाक्षचे?"

"हाव अव्वा."

"अन् माझे किती?"

दोघींचे हात ताटातच थांबले. "तुमचे कशाचे, अव्वा?" रुद्राणी म्हणाली. "तुम्ही तर मागं बसलेल्या."

"थांब बाबा, मनून माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर दोघंबी थांबले असते. दोघंबी माझं ऐकायचे."

रुद्राणी उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. साक्षीच्या दिवसापासून तिनं म्हातारीच्या अंगाला आपणहून हात लावला नव्हता. आता तिचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "अव्वा, लेकरू तापलंय म्हणून सांगावा मी धाडला व्हता. मग माझे किती धरायचे?"

कमलम्मानं सुनेच्या तोंडाकडं बघितलं. मग महादेवीला म्हणाली, "भाकर गार व्हायली. जेवा दोघीबी."

कंपनीनं अपील केलं नाही, महादेवीकडं काही मागितलंही नाही. रक्कम आली ती कोर्टाच्या हुकमाप्रमाणं बँकेत मुलींच्या नावानं ठेवली, थोडी दुकानात घातली. चन्नबसप्पानं बहिणीला कधी तरी बोलून दाखवलं की नशीब चांगलं म्हणून निभावलं. ती हो म्हणाली. कमलम्मा पुढं सहा-सात वर्षं जगली. दिवाळीपर्यंत लातूरला आणि दिवाळीनंतर उदगीरला, असं तिनंच ठरवून घेतलं. न्यायला महादेवी यायची, आणायला रुद्राणी जायची. एसटीत म्हातारीला मधे बसवून दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसायच्या.